तारे नाकारणारा उपग्रह : ‘हितोमी’ प्रकरणाचा अभ्यास

उपग्रह हातचा जातो तेव्हा बहुतेकदा रॉकेट फसलेले असते, नाहीतर एखादा सुटा भाग बिघडलेला असतो. ‘हितोमी’चे तसे झाले नाही. २६ मार्च २०१६ च्या सकाळी हा जपानी क्ष-किरण उपग्रह कक्षेतच तुटला, तेव्हा त्याची चाके फिरत होती, थ्रस्टर (उपग्रह ढकलणारी छोटी इंजिने) मिळालेल्या आज्ञा पाळत होते आणि संगणक दिलेले गणित चोख सोडवत होता. या सगळ्यांनी मिळून उपग्रह गरगर फिरवला आणि त्याचे सौर पंखे मुळापासून उखडले.

जोखमीच्या कामातले मानवी कौशल्य म्हटले की चर्चा वैमानिक, शल्यचिकित्सक आणि अणुभट्टीचे चालक यांच्याभोवती फिरते. मी मुद्दाम हे प्रकरण निवडले, कारण यात अडाणी किंवा बेफिकीर असे कोणीच नाही. उलट, एका अत्यंत अवघड मोजमापात जगात सर्वांत पुढे असलेली माणसे इथे आहेत. त्यांचे कौशल्य कुठे एकवटले होते आणि कुठे पातळ झाले होते, हे पाहण्यासारखे आहे. आणि ज्या प्रश्नासाठी उपग्रह पाठवला, त्या प्रश्नातच त्याच्या अपघाताचे उत्तर दडलेले होते, हे मला जास्त अस्वस्थ करते.

दीर्घिकासमूह गोल दिसतो म्हणजे काय

शेकडो ते हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या जातात तेव्हा त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. नाव दीर्घिकांचे असले तरी समूहाच्या वस्तुमानात त्यांच्या ताऱ्यांचा वाटा अगदी थोडा असतो. त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या तप्त वायूत असते आणि सर्वांत मोठा हिस्सा कृष्णद्रव्याचा, म्हणजे स्वतः न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा. वायूचे तापमान कोट्यवधी अंशांत असते, म्हणून तो क्ष-किरणांत चमकतो. समूहाचा आकार आपल्याला दिसतो तो प्रामुख्याने या चमकेतून.

अडचण अशी की दिसते ती सपाट प्रतिमा. कृष्णद्रव्याचा साठा सहसा गोल नसतो. त्याच्या तीन अक्षांची लांबी वेगवेगळी असते. एका अक्षावर ताणलेला समूह नेमका आपल्या दिशेने रोखलेला असेल, तर तो छान गोल दिसतो, आणि दृष्टिरेषेत सगळा माल एकामागे एक आल्यामुळे आहे त्यापेक्षा भारीही वाटतो. एबेल १६८९ हा समूह याचे प्रसिद्ध उदाहरण. गुरुत्वीय भिंगाच्या परिणामावरून, म्हणजे समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश किती वाकतो यावरून, काढलेले त्याचे वस्तुमान आणि क्ष-किरणांवरून काढलेले वस्तुमान जुळेना. समूह दृष्टिरेषेत ताणलेला आहे असे धरल्यावर तफावत बरीचशी मिटली.

क्ष-किरणांवरून वस्तुमान काढताना एक गृहीत धरावे लागते : वायू स्थिर आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते आणि त्याचा दाब त्याला बाहेर रेटतो, आणि दोन्ही तोलून धरलेले आहेत. वायू घुसळत असेल तर त्या घुसळणीचाही आधार मिळतो. तो हिशेबात न धरल्यास वस्तुमान कमी भरते. म्हणून वायू किती घुसळतो आहे, हे मोजायला हवे होते. केवळ प्रतिमा पाहून ते सांगता येत नाही.

ययाती तारकासमूहाच्या दिशेला सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेला दीर्घिकासमूह या कामासाठी योग्यच. क्ष-किरणांत तो आकाशातला सर्वांत तेजस्वी दीर्घिकासमूह आहे. मध्यावर एनजीसी १२७५ ही दीर्घिका, तिच्या पोटात कृष्णविवर, आणि त्या कृष्णविवराने वायूत उडवलेले प्रचंड बुडबुडे. ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रांत हे बुडबुडे आणि त्यांच्याभोवतीच्या लहरी दिसतात. असे चित्र पाहून कोणीही म्हणेल की इथे वादळ उठले आहे.

वादळ आहे की नाही हे ठरवायचे ते लोहाच्या वर्णरेषेवरून, म्हणजे वायूतले लोह ज्या ठरावीक ऊर्जेला चमकते त्या रेषेवरून. ही रेषा सुमारे ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक; किलो म्हणजे त्याच्या हजारपट). सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या घुसळणीने ती जेमतेम साडेतीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदावते. नेहमीच्या क्ष-किरण कॅमेऱ्यांची विभेदनक्षमता, म्हणजे ऊर्जेतला त्यांना ओळखता येणारा लहानात लहान फरक, या ऊर्जेला शंभराहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे त्यांना हे दिसणे शक्यच नाही. त्यासाठी सूक्ष्म उष्णतामापक हवा : क्ष-किरणाचा एकेक कण पदार्थाच्या कणभर तुकड्यावर आपटला की तुकड्याचे तापमान किती वाढले, हे मोजणारे यंत्र. ते चालते केवल शून्याच्या वर ०.०५ अंशावर. मोझली, मॅथर आणि मॅकॅमन यांनी १९८४ मध्ये ही कल्पना मांडली. ती कक्षेत नेण्याचे प्रयत्न पुढे अनेक वर्षे चालले.

आधीच्या दोन जखमा

पहिला प्रयत्न फेब्रुवारी २००० मध्ये झाला. ‘ॲस्ट्रो-ई’ हा उपग्रह उड्डाणातच गेला. दुसरा ‘सुझाकू’, जुलै २००५ मध्ये तो व्यवस्थित कक्षेत पोचला, उष्णतामापक थंडही झाला, आणि ऑगस्टमध्ये एकही वैज्ञानिक निरीक्षण होण्याआधी त्याला थंड ठेवणारा द्रवरूप हेलियम उडून गेला. बाकीची उपकरणे पुढे अनेक वर्षे चालली, पण ज्याच्यासाठी एवढा आटापिटा होता तेच उपकरण निकामी झाले.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे ‘हितोमी’त, जाक्सा (जपानची अवकाश संस्था) आणि नासाच्या मंडळींनी शीतकरणावर जीव ओतला. हेलियमची टाकी होतीच, शिवाय यांत्रिक शीतक होते आणि चुंबकीय शीतकरणाचे अनेक टप्पे होते. हेलियम संपला तरी यंत्र चालावे अशी सोय केलेली होती. एक मार्ग बंद पडला तर दुसरा, तोही पडला तर आणखी एक. ‘सुझाकू’ने दिलेला धडा इतक्या नेटाने गिरवलेला फार कमी ठिकाणी दिसेल.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. एखाद्या चमूचे कौशल्य सगळीकडे सारखे पसरलेले नसते. पूर्वी जिथे जखम झाली तिथे ते दाट होते. जिथे कधी काही बिघडले नाही तिथे ते विरळ राहते. ‘हितोमी’च्या लोकांना शीतकरणाची भीती वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती. उपग्रहाचा रोख सांभाळणे हे मात्र सगळ्यांनी शेकडो वेळा केलेले काम. त्याची भीती कोणाला वाटणार?

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी तानेगाशिमाहून उड्डाण झाले. जपानच्या बाजूचा खर्च सुमारे ३१ अब्ज येन. उष्णतामापक ठरल्याप्रमाणे थंड झाला आणि त्याची विभेदनक्षमता ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास भरली. फेब्रुवारीच्या २४-२५ तारखांना आणि पुन्हा मार्चच्या ४ ते ८ या दिवसांत ययातीतला समूह न्याहाळला गेला. एकूण सुमारे २ लाख ३० हजार सेकंद.

या दोन निरीक्षणांच्या मधे २८ फेब्रुवारी येते.

२८ फेब्रुवारी

त्या दिवशी उपग्रहाचा घडीचा दांडा उलगडून लांब करण्यात आला. दांड्याच्या टोकाला उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे कॅमेरे होते. दांडा लांबला की वस्तुमानाची वाटणी बदलते, जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड जाते याचे माप) बदलते, आणि थ्रस्टर किती वेळ, कोणत्या क्रमाने फुंकायचे याचे आकडेही बदलावे लागतात. ते बदलले गेले. आकडे तयार करताना चूक झाली. ते सिम्युलेटरवर चालवून पाहायचे राहून गेले. आणि तसेच ते उपग्रहावर चढवले गेले.

त्या वेळी काहीच झाले नाही. होणारही नव्हते, कारण रोजच्या कामात उपग्रह थ्रस्टर वापरतच नाही. तो आतली जड चाके फिरवून वळतो. थ्रस्टरची पाळी येते ती शेवटच्या बचावात, बाकी सगळे हरल्यावर. म्हणजे मार्चमधले ते अप्रतिम निरीक्षण चालू होते तेव्हा चुकीचे आकडे आतमध्ये निपचित पडून होते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन यांची तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दलची मते परस्परविरोधी होती. २००९ मध्ये त्यांनी एकत्र बसून एक लेख लिहिला आणि एका गोष्टीवर ते एकमत झाले : अंतःप्रेरणेवर विसंबायचे तर कामाच्या परिसरात नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर निघाला की चूक हे त्या माणसाला वेळेवर कळायला हवे. अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्याला आग रोज उत्तर देते. थ्रस्टरचे आकडे भरणाऱ्याला उपग्रह चार आठवडे काही बोलला नाही, आणि बोलला तेव्हा ऐकून शिकायला उपग्रहच राहिला नव्हता. अशा कामात ‘अनुभवी माणूस नेमा’ हा उपाय पोकळ आहे. त्या माणसाला तो अनुभव कुठून मिळणार? सिम्युलेटर लागतो तो यासाठीच. प्रत्यक्ष काम जे उत्तर देत नाही, ते त्याच्याकडून विकत घ्यायचे असते. तपासणीची ती एक पायरी वगळल्यावर त्या कामात कौशल्याला शिरायला जागाच उरली नाही.

२६ मार्चची पहाट

जपानी वेळेनुसार पहाटे तीनच्या सुमारास उपग्रह एका दूरच्या सक्रिय दीर्घिकेकडे वळायला लागला. वळण पुरे होण्याआधीच जपानमधल्या केंद्राशी संपर्क संपला. यात नियमबाह्य काही नव्हते, पण नवा उपग्रह, अजून चाचण्या चालू, आणि हालचाल मात्र नजरेआड होते आहे, हे पाहून एखाद्या जुन्या यंत्रचालकाने भुवई उंचावली असती.

आपला रोख कुठे आहे हे उपग्रह दोन साधनांनी ओळखतो. जायरोस्कोप वळण्याचा वेग सांगतात, पण हळूहळू चुकत जातात. स्टार ट्रॅकर ताऱ्यांची चित्रे पाहून ती चूक सुधारतो. वळणानंतर स्टार ट्रॅकर जुळवणी करत असतानाच मध्येच पुन्हा सुरुवातीच्या अवस्थेत गेला. जायरोस्कोपच्या चुकीचा जो तात्पुरता, फुगलेला अंदाज त्या क्षणी संगणकात होता, तो तसाच कायम राहिला : ताशी २१.७ अंश.

उपग्रह स्थिर होता, पण आपण फिरतो आहोत अशी त्याची पक्की समजूत झाली. शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असे वाटावे, तसे. मग ते नसलेले फिरणे थांबवण्यासाठी तो उलट दिशेने खरोखर फिरू लागला. वेग अगदी संथ होता, पूर्ण फेऱ्याला साडेसोळा तास लागतील इतका. पण सौर पंखे हळूहळू सूर्यापासून वळत गेले.

स्टार ट्रॅकर नंतर ताळ्यावर आला. त्याने ताऱ्यांवरून खरा रोख कळवला. संगणकाने तो फेटाळला, कारण स्वतःच्या अंदाजापासून ठरावीक मर्यादेपेक्षा दूर असलेले मोजमाप चुकीचे मानायचे, असा नियम त्यात घातलेला होता. नियम मूर्खपणाचा नाही. स्टार ट्रॅकर कधी कधी भलतेच तारे ओळखतो, आणि निरीक्षण वारंवार खंडित होऊ नये म्हणून असा गाळणा लावतात. पण त्यामुळे अंदाज जितका जास्त चुकेल तितका त्याला सुधारणारा पुरावा जास्त ठामपणे नाकारला जाणार, ही बाजू कोणी शेवटपर्यंत नेऊन पाहिली नव्हती.

तिसरा साक्षीदारही होता : सूर्य. सूर्य कुठे आहे हे संवेदकाने थेट पाहता आले असते. पण रोख बिघडला आहे का, हे ठरवण्यासाठी तो संवेदक वापरायचा नाही असे रचनेतच ठरले होते. सूर्य कोणत्या दिशेला असायला हवा, हे उपग्रह आपल्या अंदाजावरून काढत होता. त्या अंदाजानुसार सगळे ठीक होते.

पुढचा क्रम भराभर घडला. चुकलेल्या रोखामुळे गुरुत्वाकर्षणाचा पीळ बसत राहिला, चाकांमधला संवेग साठत गेला, तो काढून टाकणारी चुंबकीय साधने नीट काम करेनात, चाके मर्यादेजवळ पोचली. मग उपग्रह शेवटच्या बचावाकडे, थ्रस्टरकडे वळला. २८ फेब्रुवारीचे आकडे वापरण्याची ती पहिलीच वेळ. ज्याने फिरणे थांबायचे त्यानेच ते वाढवले. सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सौर पंखे आणि लांब केलेला दांडा तुटून गेला. अमेरिकी निरीक्षण जाळ्याला उपग्रहाच्या कक्षेत सुरुवातीला ५ तुकडे दिसले. दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी ठरलेल्या वेळी संपर्क झाला नाही, तेव्हा जपानमध्ये गडबड उडाली.

पहाट आणि दुपार यांच्या मधे ऑस्ट्रेलियातल्या केंद्रामार्फत थोडा थोडा वेळ संपर्क झाला होता. रोख बिघडल्याच्या खुणा त्या माहितीत होत्या, हे मागाहून तपासात दिसले. त्यावरून ‘पाहणाऱ्यांना कसे दिसले नाही’ असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. उपग्रह स्वतः आपला रोख बरोबर आहे असे कळवत असताना, काही मिनिटांच्या संपर्कात, विजेच्या आणि तापमानाच्या आकड्यांतून तो खोटे बोलतो आहे हे ताडायला, तसा उपग्रह आधी एकदा बिघडलेला पाहिलेला माणूस लागतो. तसा माणूस त्या पाळीला असेल याची व्यवस्था करणे हे संस्थेचे काम. त्या पाळीवरच्या माणसाचे नव्हे.

दोन मापांचा न्याय

२८ एप्रिलला जाक्साने आशा सोडली. जुलैत ‘नेचर’मध्ये ययातीच्या समूहावरचा लेख आला : समूहाच्या गाभ्यालगतच्या भागात वायूची घुसळण सेकंदाला १६४ किलोमीटर, १० किलोमीटर इकडेतिकडे. घुसळणीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या जेमतेम ४ टक्के. बुडबुडे, लहरी, वादळाचे ते सगळे चित्र, आणि वायू मात्र बराचसा शांत. निदान त्या भागात तरी, वायू तोलून धरलेला आहे हे गृहीत चालण्याजोगे निघाले.

हे शास्त्र कसे चालते ते पाहा. समूहाचे वस्तुमान क्ष-किरणांवरून काढले तर भिंगाच्या परिणामावरून पुन्हा काढायचे. आकार गोल दिसला तर दृष्टिरेषेत तो ताणलेला नाही ना, हे तपासायचे. वायू स्थिर मानला तर तीस वर्षे खपून तो खरेच स्थिर आहे का, हे मोजणारे यंत्र बांधायचे. एका मापावर कधीच भरवसा ठेवायचा नाही, विशेषतः ते आपल्या अंदाजाशी छान जुळत असेल तेव्हा. हीच माणसे ज्या वाहनावर स्वार होती, त्या वाहनाने स्वतःच्या अंदाजाला साक्षीदार मानले, ताऱ्यांना खोटे ठरवले आणि सूर्याला विचारलेच नाही.

यात ढोंग नाही. संशय घेण्याची ही सवय शास्त्रज्ञांच्या डोक्यात होती, पण ती त्यांच्या विषयापुरती. वाहनाच्या रचनेचे निर्णय वेगळ्या बैठकांत, वेगळ्या माणसांनी, निरीक्षणाचा वेळ वाया जाऊ नये या हेतूने घेतले. तो हेतू शास्त्रज्ञांचाच होता, म्हणून त्यांना तो रास्त वाटला असणार. लहान, घट्ट विणलेल्या चमूने स्वतःच सगळे करायचे ही जपानी अवकाशविज्ञानाची जुनी पद्धत आणि तिने मोठे पराक्रम केले आहेत. पण पावणेतीन टनांच्या उपग्रहावर वैज्ञानिक प्रमुख आणि प्रकल्पाचा व्यवस्थापक यांच्या जबाबदाऱ्या धूसर राहिल्या की ‘हे कोणी तपासले?’ या प्रश्नाला उत्तर देणारा एक माणूस उरत नाही. नंतरच्या मोहिमेत जाक्साने या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या केल्या. हा बदल मला सिम्युलेशनच्या नव्या नियमांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण नियम घाईत वगळता येतो; ‘मी पाहिल्याशिवाय हे वर जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेल्या माणसाला वगळणे अवघड असते.

बंद राहिलेले दार

नवा उपग्रह ‘क्रिझम’ ७ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला. त्यावर तसाच उष्णतामापक आहे. या खेपेला अडचण आली ती उपकरणाच्या दारात. थंड कुपीच्या तोंडाशी असलेले झडपेचे दार कक्षेत उघडायचे होते, ते उघडेना. ‘हितोमी’ने ययाती पाहिला तेव्हाही हे दार बंदच होते, ते उघडण्याइतका वेळच त्या उपग्रहाला मिळाला नाही. दारात बेरिलियमची पातळ खिडकी आहे. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण तिच्यातून येतात, पण कमी ऊर्जेचे, साधारण १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे, अडतात. थंड वायूच्या आणि प्राणवायूच्या वर्णरेषा त्यामुळे हातच्या जातात.

दार उघडण्याचे प्रयत्न झाले. यश आले नाही, तेव्हा पुढे जोर करायचा की नाही हा निर्णय दोन्ही संस्थांपुढे आला. जास्त जोर म्हणजे ०.०५ अंशावर नीट चालणाऱ्या यंत्राला धोका. जोर न करणे म्हणजे वर्णपटाचा एक तुकडा सोडणे. त्यांनी निदान दीड वर्ष दार बंद ठेवूनच निरीक्षणे करायची आणि मग पुन्हा विचार करायचा असे ठरवले. ‘हितोमी’चे आयुष्य दीड महिन्याचेही भरले नव्हते, हे त्या खोलीतल्या कोणाला आठवण करून द्यावे लागले नसेल.

बंद दारातूनच क्रिझमने नरतुरंग तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहाच्या गाभ्यात वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगाने हेलकावतो आहे हे मोजले. पूर्वी कधीतरी दुसऱ्या समूहाशी झालेल्या टकरीने तो हलला असावा. तो निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एबेल २०२९ या शांत, नीटनेटक्या दिसणाऱ्या समूहाच्या गाभ्यात घुसळणीचा वाटा दाबाच्या ३ टक्क्यांहूनही कमी निघाला. तिथे तरी दिसणे आणि असणे जुळले. कमी ऊर्जेच्या वर्णरेषा दाराच्या पलीकडे आहेत.